तबकडीची मागची बाजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण जुन्या तबकड्या ऐकायला बसतो. नियम एकच. जे गाणं सगळ्यांना तोंडपाठ आहे ते लावायचं नाही. तबकडी उलटायची आणि पलीकडचं लावायचं. नवीन येणारी माणसं साधारण तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

मागची बाजू म्हणजे नेमकं काय?

एका तबकडीवर एका अंगाला एक गाणं आणि दुसऱ्या अंगाला दुसरं. जे चालणार अशी कंपनीला खात्री असते ते पुढे. तबकडी रिकामी ठेवता येत नाही म्हणून जे घेतलं जातं ते मागे. इंग्रजी सिंगल्सवर याला ए साइड आणि बी साइड म्हणतात. आपल्याकडे 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, तबकड्यांवर बहुतेक वेळा एका बाजूला एकच गाणं असे, आणि पुढे 45 च्या ईपी आल्यावर एका बाजूला दोन-दोन. ईपीची दुसरी बाजूसुद्धा आम्ही मागचीच धरतो, कारण घरोघरी तीच कमी वाजलेली आहे.

तबकडीला पहिल्यापासून दोन बाजू होत्या का?

नाही. 1902 मध्ये कलकत्त्याला गौहरजानचं गाणं मुद्रित झालं तेव्हा तबकडी एकाच अंगाला वाजायची, दुसरं अंग सपाट. ओडियन कंपनीने 1904 पासून दोन्ही अंगांनी वाजणाऱ्या तबकड्या बाजारात आणल्या आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्यांनाच तसं करावं लागलं. आपल्याकडे 1908 साली कलकत्त्यात सियालदाला तबकड्या छापायचा कारखाना निघाला. त्याआधी इथं गाऊन घेतलेलं गाणं परदेशात छापून परत इथं विकायला यायचं.

दुसरं अंग मिळालं म्हणजे गाणाऱ्याला आणखी तीन-सव्वातीन मिनिटं मिळाली. दहा इंची 78 वर एका बाजूला एवढीच जागा असते.

लेबलवर ए-बी लिहिलेलं नसतं. मग मागची बाजू ओळखायची कशी?

डोळ्यांनी. तबकडी खिडकीपाशी न्या, तिरकी धरा आणि दोन्ही अंगं आळीपाळीने उजेडात बघा. जे गाणं घरात वाजलं ते अंग राखाडी पडलेलं असतं. पोलादी पिनेने खाचेच्या भिंती घासल्या जातात आणि काळा रंग राखेसारखा दिसू लागतो. लेबलावर मधल्या भोकाभोवती केसासारख्या बारीक रेघा असतात, तबकडी बसवताना दांडी शोधत फिरवल्याच्या खुणा. उलटं केलं की पलीकडचं अंग काळंभोर, ओल्या पाटीसारखं चकाकतं. लेबलावर एक रेघ नाही. तीच मागची बाजू.

मला हे पहिल्यांदा दिसलं ते एका लाऊडस्पीकरवाल्यांच्या घरी. त्यांच्या वडिलांचा लग्नाकार्यात आणि गणपतीत स्पीकर लावायचा धंदा होता. माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या, दीडशेच्या वर तबकड्या. एकूण एक तबकडी एका अंगाने राखाडी आणि दुसऱ्या अंगाने कोरी! वर्षानुवर्षं मांडवात तीच ती बाजू वाजली होती. मी त्यांना पलीकडची लावून दाखवली तर ते म्हणाले, "हे आमच्याकडंच हुतं व्हय?" त्या दिवसापासून मी कुठलीही तबकडी आधी उलटी बघतो.

यातून एक गोष्ट आपोआप हाती लागते. लोकप्रिय गाण्याची मूळ तबकडी बहुधा खरखरीत झालेली असते. दुर्लक्षित गाणं मात्र स्टुडिओतून काल आल्यासारखं स्वच्छ वाजतं. सत्तर वर्षांपूर्वीचा आवाज जसाच्या तसा ऐकायचा असेल तर तो मागच्या बाजूलाच सापडण्याची शक्यता जास्त.

मागे टाकाऊ गाणी टाकायचे, असं ऐकलंय.

काही वेळा खरं आहे. अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टर मुद्दाम मागे वादकांनी सहज छेडलेलं काहीतरी टाकायचा, म्हणजे रेडिओवाल्यांनी चुकूनही तबकडी उलटू नये. पण याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम फार चांगला झाला. मागच्या गाण्याकडून विक्रीची अपेक्षा नसल्यामुळे त्यात कुणी ढवळाढवळ करत नसे. नवा वादक, वेगळा ठेका, जरा अवघड चाल, हे सगळं तिथं खपून जायचं. आणि तबकडी विकली गेली की मागच्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारालाही पुढच्याइतकंच मानधन मिळायचं. क्वीन या बँडच्या 1975 च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मागे ड्रमर रॉजर टेलरचं 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' आहे. पुढचं गाणं जगभर खपलं आणि प्रत्येक प्रतीमागे टेलरचाही वाटा जमा होत गेला. कंपन्यांत आणि बँडमध्ये मागच्या जागेसाठी ओढाताण व्हायची ती यामुळेच.

मागचं गाणं पुढच्यापेक्षा मोठं झाल्याची उदाहरणं आहेत का?

भरपूर. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' 1954 मध्ये निघालं तेव्हा 'थर्टीन विमेन'च्या मागे होतं. दुसऱ्या वर्षी एका चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजलं आणि मग सगळीकडे तेच. बुकर टी अँड द एमजीजचं 'ग्रीन अनियन्स', 1962, हेही आधी मागेच होतं. रायचस ब्रदर्सचं 'अनचेन्ड मेलडी' 1965 मध्ये 'हंग ऑन यू'च्या मागे होतं. ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' 1978 मध्ये 'सबस्टिट्यूट' या गाण्याच्या मागे होतं. क्लबातल्या डीजेंनी तबकडी उलटी करून नाचवायला सुरुवात केली आणि शेवटी कंपनीलाच बाजू बदलाव्या लागल्या.

पण ही गाणी आता दुर्लक्षित राहिलेली नाहीत, म्हणून आमच्या बैठकीत आम्ही ती लावत नाही.

तुमची स्वतःची सगळ्यात आवडती मागची बाजू कोणती?

बीटल्सचं 'द इनर लाइट'. मार्च 1968 मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागे आलं. बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनचं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही मागच्या बाजूला.

याची वाद्यं मुंबईत वाजली आहेत. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी मुंबईला आला आणि फोर्टमधल्या फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांबरोबर बसला. ध्वनिमुद्रणाचं दोन ट्रॅकचं यंत्र त्यासाठी कलकत्त्याहून आणलं गेलं. स्टुडिओत बाहेरच्या रहदारीचा आवाज शिरायचा. चित्रपटाचं काम करता करता ही एक चाल जादा मुद्रित झाली, तिच्यावर फेब्रुवारीत लंडनला शब्द चढले. शब्द 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणावरून घेतलेले आहेत: दाराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येतं, असा त्याचा आशय.

ऐकताना एक गोष्ट मुद्दाम बघा. सुरुवातीला आणि मधल्या तुकड्यांत सरोद आणि शहनाई जोरात येतात, पखवाज खाली घुमत असतो. गायन सुरू झालं की हे सगळं मागे सरतं आणि हार्मोनियम आणि बासरी उरते. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. गाणारा अगदी हलक्या आवाजात गातो आणि बासरी त्याच्या बरोबरीने चालते, जशी आपल्याकडे संगतीला हार्मोनियम चालते. अडीच-पावणेतीन मिनिटांत संपतं. बीटल्स एकत्र असेपर्यंत हे गाणं त्यांच्या कुठल्याही अल्बमवर आलं नाही. ज्याला ऐकायचं त्याने 'लेडी मॅडोना' घ्यायची आणि उलटायची.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्या खोलीतून वडिलांनी विचारलं, "आकाशवाणी लावलीयस काय?" विलायती गाणं आहे हे त्यांना पटेना.

आणखी दोन-तीन सांगा.

बीटल्सचंच 'रेन', 1966, 'पेपरबॅक रायटर'च्या मागे. शेवटी गायकाचा आवाज उलटा वाजवलेला आहे आणि ड्रम तर ऐकतच राहावेत असे. रोलिंग स्टोन्सचं 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट', 1969, 'हाँकी टाँक विमेन'च्या मागे. देम या बँडचं 'ग्लोरिया', 1964.

जाता जाता सांगतो, साठच्या दशकात बीटल्सची गाणी आपल्याकडे 78 च्या लाखेच्या तबकड्यांवरही निघाली. तिकडे 78 बंद पडत आल्या होत्या, पण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन अजून पुष्कळ ठिकाणी होते. अशी एखादी जुन्या पेटीत सापडली तर फार जपून हाताळा.

मराठी आणि शास्त्रीय तबकड्यांच्या मागे काय मिळतं?

इथं खरा खजिना आहे. शास्त्रीय गायकांच्या तबकडीवर पुष्कळदा एका बाजूला ख्याल आणि दुसरीला ठुमरी, भजन किंवा नाट्यपद असतं. ख्यालासाठी तबकडी घेणारा माणूस ती बाजू झिजवतो. मागे तोच गवई मोकळा होऊन भैरवी गात असतो, ती तशीच राहते. शाहिरांच्या पोवाड्यांचं वेगळं. पूर्वार्ध पुढे आणि उत्तरार्ध मागे, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच झिजतात. मोठ्या कव्वाल्यांचंही तसंच. चित्रपटगीतांच्या मागे मात्र कधी कधी असं गाणं सापडतं जे तबकडीवर आलं पण पडद्यावरून कापलं गेलं. असं गाणं ऐकायला तबकडीवाचून दुसरी जागा उरत नाही.

कोल्हापूरकराने याकडे लक्ष द्यायला आणखी एक कारण आहे. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते. महाराज 1922 साली गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांची जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात इतकी वर्षं नांदली, पण खाँसाहेबांची स्वतःची एकही तबकडी नाही. देवल क्लब या इथल्या संगीत संस्थेत त्यांच्याबद्दल कितीही बोललं गेलं तरी आवाज ऐकवता येत नाही. मग तो आवाज शोधायचा कुठं? शिष्यांच्या तबकड्यांत. केसरबाई केरकर, ज्या लहानपणी काही महिने कोल्हापुरातच अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या, त्यांची भैरवी 'जात कहाँ हो' 1977 साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. साडेतीन मिनिटांची आहे. गुरूची तीन-तीन तासांची मैफल मावत नाही, पण आवाजाची फेक, लयीशी खेळण्याची रीत, श्वास कुठं घ्यायचा आणि कुठं घ्यायचाच नाही, हे साडेतीन मिनिटांतही कळतं. म्हणून या घराण्याच्या गायकांची कुठलीही तबकडी हाताला लागली तर दोन्ही अंगं ऐकल्याशिवाय मी ती खाली ठेवत नाही.

आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर सगळ्या तबकड्या लावता येतील का?

फक्त 78 च्या, लाखेच्या. विनाइलची ईपी किंवा एलपी त्यावर कधीही लावू नका. ग्रामोफोनची पिन ज्यात बसते त्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं आणि पिन पोलादी. विनाइलची खाच एका फेरीत नांगरून निघेल. लाखेच्या तबकडीलाही प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची, हा नियम जुन्या लोकांनी काटकसरीपायी मोडला आणि त्यातच निम्म्या तबकड्या गेल्या.

इलेक्ट्रिक प्लेअर असेल तर पिनेची जाडी बघा. 78 ची खाच रुंद असते, तिला साधारण 75 मायक्रॉनची पिन लागते. ईपी-एलपीला 18 ते 25 मायक्रॉन. जुन्या फिएस्टासारख्या प्लेअरवर पिनेपाशी छोटी खिट्टी असते, ती फिरवली की पिन बदलते. ती फिरवायची विसरलं की एक तर आवाज फुसका येतो, नाहीतर तबकडी खराब होते.

पुरात भिजलेल्या तबकड्या वाचतात का?

वाचतात. ऑगस्ट 2019 च्या पुरानंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त आला आणि 2021 ला पुन्हा आला. पंचगंगेचा गाळ फार बारीक असतो आणि वाळला की खाचेत सिमेंटसारखा बसतो. म्हणून पहिली गोष्ट, वाळलेला गाळ कोरड्या फडक्याने पुसू नका. तो गाळच काचकागदासारखं काम करतो.

विनाइल असेल तर साध्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, हात फिरवा. पुन्हा डिस्टिल्ड वॉटर. भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवून सावलीत वाळवा.

लाखेच्या तबकडीला वेगळी रीत. स्पिरिट, सॅनिटायझर, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. पाण्यातही बुडवून ठेवायची नाही, कारण लाखेत जी भुकटी मिसळलेली असते ती पाणी पिते. ओला ब्रश फिरवायचा, लगेच धुवायचं, लगेच टिपायचं. लेबलावर पाणी जाऊ देऊ नका. ते आधीच सुटलं असेल तर ताटलीत वेगळं वाळवा आणि कुठल्या तबकडीचं ते लगेच लिहून ठेवा.

2019 ला एका घरातून सदतीस तबकड्या आल्या होत्या. मोरीत तीन दिवस धूत होतो. चार तडकल्या, बाकीच्या वाजतात. त्यातल्या एकीबद्दल शेवटी लिहिलंय.

पावसाळ्यात बुरशी धरते, काय करावं?

उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका, जुनी प्लॅस्टिकची पाकिटं काढून कागदाची घाला. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरू नका, विनाइल पापडासारखं वळतं.

या तबकड्यांना भाव किती येतो?

नावाजलेल्या गाण्याला येतो, मागच्याला येत नाही. विकायच्याच असतील तर विका, पण रद्दीवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा दोन्ही बाजू ऐका. हे मी मनापासून सांगतो.

मागची गाणी संगणकावर घेऊन इतरांना ऐकवली तर चालेल का?

स्वतःसाठी जतन करायला जरूर घ्या. योग्य पिनेवर, 24 बिटमध्ये, डब्ल्यूएव्ही स्वरूपात. खरखर काढणारा फिल्टर मूळ प्रतीवर लावू नका, वेगळ्या प्रतीवर लावा. दोन्ही लेबलांचे फोटो काढा आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर लिहून घ्या. तबकडीचा विक्रीचा क्रमांक दोन्ही बाजूंना सारखा असू शकतो, मॅट्रिक्स नंबर मात्र ज्या त्या गाण्याचा वेगळा असतो.

सार्वजनिक ठिकाणी टाकायचं असेल तर कायदा बघा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. 1960 साली निघालेल्या तबकडीचा 2020 अखेर संपला. पण कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं.

लेबल गेलेली ती तबकडी कुणाची आहे, कळलं का?

पुरातल्या सदतीसपैकी ही एक. दोन्ही लेबलं गाळात गेली. मॅट्रिक्स नंबरातले शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता येतात. पुढची बाजू इतकी झिजलीय की ठेक्याशिवाय काही ऐकू येत नाही. मागची मात्र लख्ख. बाईचा आवाज, हार्मोनियम, तबला आणि मधूनमधून क्लॅरिनेट. हादग्याच्या गाण्यासारखी चाल, सासरी निघालेली लेक वाटेवरच्या एकेका झाडाला निरोप देते. दोन कडवी आहेत. दुसऱ्या कडव्यात चिंचेपाशी आल्यावर ती एका शब्दावर जरा थांबते आणि तेवढ्यात क्लॅरिनेटवाला हळूच आत येतो. ही जागा आम्ही किती वेळा ऐकली असेल!

गायिकेचं नाव अजून मिळालेलं नाही. गेल्या श्रावणात आमच्यातल्या एकीने आपल्या आजीला बैठकीला आणलं. वय नव्वदीच्या आसपास, माहेर पन्हाळ्याच्या बाजूचं. त्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधीच त्यांनी ते गुणगुणायला सुरुवात केली. तबकडी कधी ऐकली होती का, विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई बाई, आमच्याकडं कुठली मशीन? आमच्या आत्या म्हणायच्या की हे, हादग्याला."

गाणं संपलं, पिन मधल्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. मी पिनेचा हात उचलायला उठलो तर आजी म्हणाल्या, "अजून एक कडवं हाय." तीन मिनिटांत ते बसलं नसणार. त्यांनी म्हटलं, आम्ही दोनदा म्हणवून घेतलं. त्यात लेक वेशीपाशी पोचते आणि तिथं झाडच नसतं. ते कडवं आता कागदावर लिहून त्याच तबकडीच्या पाकिटात ठेवलंय.